पाहुण्याचं ताट

नसरापूरला एका लग्नात मला बबननाना वारल्याचं कळलं. माझ्या हातात कागदी ताटली होती आणि ताटलीत मंच्युरियन होतं. आजकाल आमच्याकडं अक्षता पडायच्या आधीच चायनीजचा काउंटर लागतो आणि वऱ्हाडी नवरानवरीला सोडून तिकडं रांग लावतात. वेल्ह्याच्या आमच्या दवाखान्यातला जुना शिपाई कोंडिबा त्या रांगेतून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "डॉक्टर, चायनीजवालं नाना गेलं की. मागल्या मंगळवारी. झोपेतच गेलं."

मी "अरेरे" म्हणालो. कोंडिबा "व्हय" म्हणाला. मग मी उरलेलं मंच्युरियन खाल्लं, ताटली टोपलीत टाकली, आहेर दिला, नवरदेवाच्या बापाला हात जोडले आणि वरव्याला घरी आलो. खोटं कशाला बोलू, मला काही वाटलं नाही. बैल मेला की मालक आधी त्याचं दावं सोडवून घेतो, नीट गुंडाळून खुंटीला लावतो, आणि दोन दिवसांनी ते दावं हाताला लागलं की मग हंबरडा फोडतो. असं मी नोकरीत शंभर वेळा पाहिलेलं. तसं आपलंही होईल म्हणून मी आठवडाभर वाट पाहिली. झालं नाही. अजूनही आत सगळं बधिरच आहे. म्हटलं, निदान लिहून तरी काढावं.

मी जनावरांचा डॉक्टर. कागदोपत्री डॉक्टर नव्हे, पण खेड्यात गायीला सुई टोचणाऱ्याला दुसरं काय म्हणतात? वेल्ह्याला माझी बदली झाली तेव्हा बायकापोरं वरव्यालाच राहिली आणि मी तिथं एक खोली घेऊन राहिलो. शनिवारी घरी, सोमवारी पहिल्या एसटीनं परत. मधल्या दिवसांत जेवायचं कुठं हा प्रश्न होता. कोंडिबानं मला नानांच्या शेडमध्ये नेऊन सोडलं.

स्टँडपासून थोडं पुढं, तोरण्याकडं जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याचं शेड होतं. वर पाटी, 'लंडन रिटर्न चायनीज'. नानांनी लंडन फक्त विमानतळापुरतं पाहिलेलं. ते राहिले इंग्लंडातल्याच समुद्रकाठच्या एका बारक्या गावात. मी पाटीबद्दल छेडलं तर म्हणाले, "रंगारी म्हंला त्या गावाचं नाव पाटीवर बसत न्हाई. म्हंलं मग लंडन लिव्ह. हितं कोण जाऊन बघनाराय?"

माणूस बुटका, छातीनं रुंद. भट्टीच्या जाळानं उजव्या हातावरचे सगळे केस जळून गेलेले, त्यामुळं एक हात केसाळ आणि दुसरा लहान मुलासारखा गुळगुळीत. बोलताना तो गुळगुळीत हात ते पोटाशी धरायचे. गिऱ्हाईक शेडमध्ये शिरलं की नाना त्याच्या तोंडाकडं बघायचे नाहीत, पायांकडं बघायचे. पुण्याहून किल्ला चढायला आलेले बूट दिसले की सॉस जास्त आणि मिरची कमी. कचेरीतल्या माणसांच्या किंवा एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरच्या चपला दिसल्या की लाल चटणीचा डाव दोनदा. "बुटाला ग्वाड, चपलंला तिखट," असं ते म्हणायचे. माझ्या पायात शेणानं भरलेले गमबूट होते. ते बघून नानांनी जरा विचार केला आणि मला विचारलं, "डॉक्टर, घरचं का बाहेरचं?"

मला वाटलं, घरचं म्हणजे पिठलंभाकरी वगैरे मिळत असेल. मी म्हणालो, "घरचं द्या."

"ते न्हाई हितं," म्हणाले. "नुसतं इचारलं."

असा तिरपागडा माणूस. पण मी तिथं जेवत राहिलो, कारण दुसरीकडं तेल वाईट होतं. हळूहळू कळलं की नाना जगातल्या सगळ्याच गोष्टींची घरचं आणि बाहेरचं अशी वाटणी करतात. नवीन साहेब बदलून आले आणि मी विचारलं, "कसे आहेत हो?" तर म्हणाले, "बाहेरचा मेनू हाय. चित्रं चांगली हायत." स्वतःच्या हातचं चायनीज ते कधी तोंडात घालायचे नाहीत. चव बघायची असली तर गिऱ्हाइकाची मान कशी हलते ते बघायचे.

हे सगळं आलं कुठून ते त्यांनी मला पावसाळ्यात एका दुपारी सांगितलं. शेडमध्ये गिऱ्हाईक नव्हतं आणि माझी एसटी चुकली होती.

तरुणपणी नाना मुंबईत एका चिनी माणसाच्या हॉटेलात भांडी घासायचे. तिथून भट्टीवर गेले. त्या मालकाचा मेव्हणा इंग्लंडात हॉटेल चालवायचा, त्याला हातानं राबणारा माणूस पाहिजे होता, आणि नाना गेले. लग्न होऊन मुलगी रांगत होती तेव्हा गेले. त्या मेव्हण्याला नाना लाऊशेठ म्हणायचे. वीसेक वर्षं त्याच्याकडं काढली. दोन-दोन वर्षांनी महिनाभराची सुट्टी.

"लाऊशेठकडं दोन मेनू हुते, डॉक्टर. एक जाडजूड, पलास्टिकचा, चित्रावालं पुस्तकच म्हना. ते गोऱ्यांचं. त्यात सगळं तळल्यालं, वर लालभडक ग्वाड पाक, त्यात अननस. आन् संगं बटाट्याच्या फोडी! चायनीजसंगं बटाटा खात्यात ते. आन् दुसरा मेनू भितीवर. गुलाबी कागदाच्या पट्ट्या, त्येच्यावर त्यांच्या भाशेत लिवल्यालं. गोऱ्यास्नी वाटायचं देवाधर्माचं कायतरी लिवलंय. फोटू काढायचे."

"आणि होतं काय त्यावर?"

"खानं! मुंडक्यासकट मासा. कोंबडीचं पाय. कारलं. आतडी. आपल्यावानी सगळं. त्यांची मानसं यायची, ती पुस्तक उघडायचीच न्हाईत. भितीकडं बगायची आन् बोलायची."

कधी एखादा चौकस गोरा पट्टीकडं बोट दाखवून विचारायचा, हे काय आहे, मला हे मिळेल का. लाऊशेठ हसायचा, मान लववायचा आणि म्हणायचा, "फिनिश." संपलं. दुपारी बारा वाजता आला तरी संपलं. नानांनी एकदा विचारलं, "शेठ, डेग भरलीया की, देत का न्हाई?" तर लाऊशेठ म्हणाला, दिलं असतं, पण खाऊन तो चांगलं म्हणाला असता. आणि एकदा चांगलं म्हणाला की मला ते त्याच्यासाठी करावं लागलं असतं. मग मी काय खाऊ?

"मला तवा काय कळलं न्हाई," नाना म्हणाले. "डोकं न्हवतं तेवडं."

नानांना पहिले काही महिने त्या पुस्तकातलंच खायला मिळायचं. उरलेली लाल गोड कोंबडी. मान ठेवून द्यायचे, बशीत घालून द्यायचे, वर 'प्लीज' म्हणायचे. शेठचं कुटुंब मागच्या खोलीत गोल बसून काहीतरी पांढरं-पांढरं भुरकायचं, ते नानांना लांबून दिसायचं. मग हिवाळ्यात नानांच्या हातावर कढईतलं तेल उडालं. हात भाजला, ताप भरला. लाऊशेठची म्हातारी बायको खोलीत आली आणि तिनं तिच्या भाषेत नानांना धरून झापलं. काय बोलली ते देव जाणे, पण आवाज थेट नानांच्या आईचा. मग वाडगा पुढं आदळला. त्यात पेज! तांदळाची पेज, वर खारवलेल्या सुक्या मासळीचा तुकडा.

"डॉक्टर, आमची पेज! आपल्या हितं भातलावनीला, आवनीच्या दिसात करत्यात तीच. तुकडा तांदळाच्या कन्यांची. म्या पार रडलो. म्हातारीला वाटलं हात दुखतुया." पत्र्यावर पाऊस वाजत होता. "दुसऱ्या दिशीपासनं मला पुस्तकातलं बंद. प्लीज बी बंद. 'ए, हिकडं बस, खा' आसं. घरचा झालो तितं."

मी म्हणालो, "छान झालं की."

"छान काय? म्या तितं झालो घरचा. हितं न्हाई झालो."

त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही. पुढं त्यांची गाय व्यायली आणि वार आतच अडकली, पडेना, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कळला.

घर शेडच्या मागं, जरा चढावर. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली, घरात ही दोघंच. वार पडायला दुपार झाली. हात धुतले तशी सुमनवहिनी, म्हणजे नानांची बायको, म्हणाली, "आता जेवल्याबिगर जायचं न्हाई, डॉक्टरसायेब." वहिनी नानांपेक्षा उंच, कोरड्या चेहऱ्याची. बोलणं अगदी नीट, कमी, आणि सगळ्यांशी सारखंच. बाहेरच्या खोलीत टेबल होतं, दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर मी, दुसरीवर नाना. स्टीलची ताटं आली. कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी, आंबेमोहराचा भात, उकडलेलं अंडं, लिंबाची फोड, कांदा गोल कापून मांडलेला, शेवटाला वाटीत शेवयांची खीर. पाहुण्याचं ताट. मी पाहुणाच होतो, मी ताव मारला. नाना मात्र हळूहळू जेवत होते. वहिनी दारात उभी राहून वाढत होती, "आणि घ्या की, लाजू नका." आधी वाटलं मला म्हणतेय. ती दोघांनाही म्हणत होती.

आमचं झाल्यावर ती आत गेली. चुलीपाशी बसली असावी. जरा वेळानं आतून भुरक्याचा आवाज आला. एक भुरका, मग थोडं थांबून दुसरा. नानांनी मान वर केली. गायीला चाऱ्याचा वास आला की ती जशी कान टवकारते तसे ऐकत होते.

"पेज खातीया," नाना मला हळूच म्हणाले. "सुकट हाय संगं. रोज खाती. मला एक दीस बी वाढली न्हाई."

इंग्लंडातून कायमचे परत येऊन त्यांना तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. चार-पाच वर्षं रोज पाहुण्याचं ताट! कोंबडी नाही तर अंडी, अंडी नाही तर मटकीची उसळ, पण भाकरी तांदळाची, गरम, पापुद्रा सुटलेली. शिळं कधी नाही. टेबलावर, स्टीलच्या ताटात. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली म्हणतात आपल्याकडं. या माणसाचा पहिला दिवस संपतच नव्हता.

त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. सरळ मागून पाहिलं, "मला बी पेज दे." तर वहिनी म्हणाली, "अवो, आसं कसं, तुमी!" आणि दुसऱ्या दिवशी बासुंदी केली. एकदा चोरून स्वयंपाकघरात शिरून पातेल्याला हात घातला. तिनं पाहिलं. ओरडली नाही. पातेलं काढून घेतलं, पदरानं त्यांचा हात पुसला आणि अंडी फोडायला घेतली. एकदा आजाराचं सोंग केलं, म्हटलं लाऊशेठच्या म्हातारीसारखं होईल. तिनं मऊ भात, त्यावर साजूक तूप आणि डाळिंबाचे दाणे आणले, आणि भोरहून मोठा डॉक्टर बोलावला. पाहुणा आजारी पडला तर जे करतात ते सगळं केलं. नाना तिसऱ्या दिवशी उठून शेडवर आले.

मी हसलो असेन. पण शनिवारी वरव्याला घरी गेलो आणि बायकोनं नेहमीप्रमाणं कोंबडी पुढं ठेवली तेव्हा मी ताट जरा मागं सारलं. मी म्हणालो, "आज हे नको. तुम्ही रोज खाता ते दे." बायको म्हणाली, "आम्ही रोज काय खातो त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय? मुकाट्यानं खा." मी खाल्लं. निदान मुकाट्यानं म्हणाली, हे माझं नशीब.

पुढं गायीला दगडी झाली, म्हणजे कास सुजून दगडासारखी झाली. मी सड पिळत होतो आणि वहिनीनं कासरा धरला होता. नाना शेडवर होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, एवढा राग बरा नव्हे. नानांना एक दिवस पेज वाढा की."

तिनं कासऱ्याला आणखी एक वेढा दिला. मग म्हणाली, "राग? राग न्हाई वो डॉक्टरसायेब. राग आसता तर शिळी भाकरी फेकली आसती फुड्यात."

"मग?"

"हुता राग. लई वर्सं हुता. मामंजींना लकवा झाला, त्यांचं हागनंमुतनं म्या काढलं, तवा राग हुता. पोरगी तापानं फनफनली, आमी वरच्या वाडीला ऱ्हायचो, पावसानं एसटी बंद, तिला पाठीवर घिऊन म्या वेल्ह्यापत्तूर चालत आले, तवा लई राग हुता. मग कवा गेला ते कळलंच न्हाई. पैसं यायचं, फोन यायचा, म्या 'बरं हाय' म्हनायचे. आता काय बी वाटत न्हाई. आल्यात, ऱ्हात्यात. पावन्याचं करावं तेवडं करते. कायी कमी करते का?"

कमी काहीच करत नव्हती. सडातून गाठी निघाल्या, औषध सोडलं, हात धुतले. ती म्हणाली, "जेवून जा." मी म्हणालो, पोट भरलंय. जनावर खायचं थांबलं की आजारी आहे हे समजतं. माणूस वेळेवर जेवतो, वेळेवर वाढतो, आणि आतून काय गेलंय ते कुणाच्या बापाला कळत नाही.

हे बोलणं मी नानांना सांगितलं नाही. पण त्यांना ते ठाऊक असावं. त्यांनी लाऊशेठचे दोन मेनू पाहिले होते, त्यांना कोण सांगणार?

मग नानांनी तो मूर्खपणा केला.

रविवारी पुण्याची पोरं किल्ला उतरून यायची. चायनीज खाऊन खाऊन त्यांचा जीव विटला होता. ती विचारायची, "काका, काहीतरी अस्सल गावचं नाही का? तुम्ही घरी जे खाता ते?" लाऊशेठ असता तर म्हणाला असता, फिनिश. नानांच्या डोक्यात निराळंच शिरलं. त्यांना वाटलं, पुण्याची शिकलेली माणसं पेज मिटक्या मारत खातील, वा वा करतील, ते सुमनच्या कानावर जाईल, तिला बरं वाटेल, आणि मग ती म्हणेल, घ्या, तुम्हीबी खा. माझ्यापाशी काही बोलले नाहीत. एका रविवारी लसीकरणामुळं मी वेल्ह्यालाच राहिलो होतो, जेवायला गेलो तर शेडवर नवा फ्लेक्स फडकत होता. वर चुलीवरच्या काळ्या पातेल्याचा फोटो, तो त्यांनी मोबाईलवर चोरून काढलेला. खाली लाल अक्षरांत, 'सुमनच्या हातची पेज. जशी घरी, तशी इथं.'

"नाना, वहिनींना विचारलंत का?"

"इचारायचं काय त्यात? खूश व्हईल."

पेज करत होते स्वतःच. चिनी मातीच्या वाडग्यात ओतायचे, वर कोथिंबीर, जिरं, लिंबू. आणि शेवटी बटरचा चौकोन. मी म्हणालो, "हे काय?" तर ओशाळून म्हणाले, "बुटं हायत, डॉक्टर. नुसती न्हाई जायची." पोरं खात होती. वाडगा तोंडाशी धरून फोटो काढत होती. ऑथेंटिक, ऑथेंटिक म्हणत होती.

वहिनी सुकट घ्यायला दुकानावर गेली होती. तिथं दोघी-तिघी बाया तिला बघून हसल्या. एक म्हणाली, "सुमनताय, आमाला बी एक पलेट पेज द्या की. बटर मारून." नवऱ्यानं बायकोचं नाव असं रस्त्यावर टांगलेलं वेल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं. वहिनी तशीच सुकटीची पिशवी घेऊन शेडवर आली. आधी फ्लेक्स वाचला. मग एका पोराच्या वाडग्यात वाकून पाहिलं.

"बटर?" ती म्हणाली.

नाना भट्टीवरून खाली उतरले. "अगं, लोकं लई नावाजत्यात तुझी..."

"पेजंवर बटर!"

तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. तिनं भाजी कापायचा सुरा उचलला, बाकावर चढली आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. फ्लेक्स अर्धा लोंबला, मग खाली आला. ती त्याच्यावर उभी राहून बोलायला लागली.

"ही पेज म्या कशी खाल्ली ठावं हाय का तुमाला? मामंजींना भरवून ऱ्हाईल ती खाल्ली. पोरीला निजवून अंधारात खाल्ली. घरात तांदूळ आसूनबी कन्या खाल्ल्या, का तर एकलीला काय करायचा भात! तुमी तिकडं हुता. ही माजी पेज हाय. माजी! ती तुमी ह्या पोरास्नी इकता? नाव घालून? माजं सगळं गेलं, येवडी पेज ऱ्हायली हुती, ती बी टांगली व्हय रस्त्यावर?"

नाना खाली मान घालून उभे होते. पोरं वाडगे धरून बसलेली, खावं की ठेवावं कळेना. वहिनीचा ऊर धपापत होता. रडत नव्हती. चेहरा लालबुंद झाला होता आणि ती दहा वर्षांनी लहान दिसत होती.

"घरी या तुमी," ती नानांना म्हणाली, "आज बगते तुमच्याकडं." आणि सुकटीची पिशवी उचलून चढावरून निघून गेली.

थोड्या वेळानं बाहेरून नवीन चार पोरं आली, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. एक म्हणाला, "काका, पेज मिळते ना इथं?"

नानांनी फ्लेक्सची गुंडाळी भट्टीमागं सारली. "संपली," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडायला गेलो तर नाना पायरीवर बसलेले. मला वाटलं, गायीला काही झालं. आत येऊन बाकड्यावर बसले. जळक्या हातावरून दुसरा हात फिरवत राहिले.

"डॉक्टर," म्हणाले, "काल शिळी भाकरी वाढली."

मी हातातली सुई खाली ठेवली.

"टेबलावर बसाय गेलो तर म्हंली, तितं न्हाई, हितं बसा. चुलीपाशी. शिंक्यातली भाकरी काडली. नाचनीची. कडेला जरा बुरशी हुती. ती नखानं खरवडून काडली, बगा, नीट हिकडनं तिकडनं, आन् मग फेकली फुड्यात. म्हंली, आजपासनं कोंबडीबिंबडी बंद. हाय ते गिळा." त्यांचा आवाज अगदी सपाट होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. पुसतसुद्धा नव्हते. "मला म्हंली गिळा."

कोंडिबा दारात उभा होता. त्याला वाटलं, नवराबायकोचं वाजलंय. तो समजुतीनं म्हणाला, "जाऊ द्या नाना, बाईमानसाचा राग. जाईल दोन दिसांत."

"जाऊ नाय म्हंजी झालं," नाना म्हणाले.

त्यानंतर नाना बदलले असं काही नाही. पायताण बघायचे, बुटाला गोड, चपलेला तिखट. फक्त दुपारी दोन वाजले की भट्टी बंद करून घरी जायचे. कुणी गिऱ्हाईक आलं तर म्हणायचे, "थांबा जरा, बोलनी खाऊन येतो." आणि लोक हसायचे. वरनं वहिनीचा आवाज शेडपर्यंत यायचा. पायपुसणं इथंच का टाकलं, बादली कुणी सांडली, इंग्लंडात हेच शिकलात का. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असतं, काय कजाग बाई आहे.

पुढं माझी बदली भोरला झाली. सामान टेम्पोत घालून मी नानांच्या घरी निरोप घ्यायला गेलो. दुपारची वेळ. वहिनी म्हणाली, "जेवल्याबिगर जायचं न्हाई." मी चुलीपाशी बसलेल्या नानांकडं बघितलं. म्हटलं, "वहिनी, आज मलाही पेजच द्या."

"आसं कसं, डॉक्टरसायेब!" ती म्हणाली. "तुमी आमचं पावनं." आणि टेबल पुसायला लागली.

मी खुर्चीवर बसलो. एकटाच. समोर दुसरी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कांद्याची पाटी ठेवलेली. स्टीलचं ताट आलं. कोंबडी, तांदळाची भाकरी, लिंबाची फोड, गोल कापलेला कांदा. नाना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडं जमिनीवर मांडी घालून बसले होते. पुढं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, काळं, कडेला चेपलेलं. अर्ध्या दारातून मला त्यांची पाठ आणि तो गुळगुळीत हात दिसत होता. कोंबडीचा वास घरभर सुटला होता, पण त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

"येवडीच हाय," वहिनी त्यांना म्हणाली. "आनि मागायची न्हाई. मला बी लागती."

"व्हय," नाना म्हणाले.

"आन् सांडू नका."

"न्हाई."

मग ती माझ्याकडं वळून नीट, मायेनं म्हणाली, "घ्या की, लाजू नका," आणि आत जाऊन त्यांच्याशेजारी बसली. अर्ध्या दारात तिची पाठ आली आणि मला नाना दिसेनासे झाले. मी भाकरी मोडली. आतून भुरक्याचे आवाज यायला लागले. एक तिचा, आणि लगेच, तिच्यामागोमाग, दुसरा.